तीन वाटा, एकच चुकीचं उत्तर

सकाळी ६.५०

फोन उघडला तर रात्रपाळीच्या सपोर्टवाल्यांनी एक लॉग पाठवून ठेवला होता. ग्राहक म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारी एक संस्था. मोडी दप्तरांचे स्कॅन त्यांनी आमच्या स्टोरेज बॉक्सवर ठेवले आहेत. पाच डिस्क, बीटीआरएफएस फाइलसिस्टिम, रेड-६. त्यातली एक फाइल उघडत नाही, ‘इनपुट/आउटपुट एरर’ येतो. पाचही डिस्क चालू आहेत आणि वाचायला एकीनेही नकार दिलेला नाही.

लॉगमध्ये फाइलच्या एकाच जागेसाठी ‘सीसम फेल्ड’च्या, म्हणजे चेकसम न जुळल्याच्या, पाच ओळी होत्या, शेवटी मिरर १ ते मिरर ५. अशा प्रत्येक ओळीत दोन चेकसम असतात: हाती आलेल्या मजकुराचा, आणि यायला हवा होता तो. यायला हवा तो अर्थातच पाचही ओळींत सारखा. हाती आलेला मात्र मिरर १ ला एक, मिरर २ ला वेगळा, आणि मिरर ३, ४, ५ या तिन्ही ओळींत एकच, शेवटच्या अक्षरापर्यंत तोच.

मिरर म्हटलं की वाटतं पाच प्रती आहेत. रेड-६ मध्ये तसं नसतं. मिरर १ म्हणजे डिस्कवरून सरळ वाचणं. पुढचे आकडे म्हणजे बिघडलेला तुकडा बाकीच्यांवरून परत बनवण्याच्या निरनिराळ्या रीती, आणि प्रत्येक रीतीचं गृहीतक वेगळं. गृहीतकं वेगळी असताना बरोबर उत्तरावर एकमत होऊ शकतं. चुकीच्या उत्तरावर तिघांचं एकमत व्हावं, हे मला डिस्कच्या खराबीत बसवता येईना. खराबीला अशी शिस्त नसते.

सकाळी ७.३०

संस्थेत स्कॅनिंगचं काम बघणारे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनाच फोन केला.

‘‘सर, आज एकही नवा स्कॅन त्या बॉक्सवर चढवू नका. सपोर्टचा माणूस आता तो फक्त वाचण्यापुरता माउंट करून देईल. कुणालाही काही सेव्ह करू देऊ नका.’’

‘‘अहो मॅडम, पण बिघडली ती एकच फाइल. बाकीचं काम का थांबवायचं?’’

‘‘नवं लिहिताना जुन्याचा आधार पुसला जाण्याची भीती आहे. सविस्तर संध्याकाळी सांगते.’’

त्यांनी लगेच मान्य केलं. कागद हाताळलेल्या माणसाला ‘आता हात लावू नका’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी ९.००

स्टोरेजचं काम करणारे इंजिनिअर पुण्यात पुष्कळ आहेत, पण रेडच्या कोडमध्ये रोज हात घालणारे थोडेच. टीममध्ये नवा आलेला मुलगा आज माझ्याबरोबर बसणार होता. त्याला आधी चित्र काढून दिलं.

रेड ही कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या निबंधातली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच घ्यायचा आणि एखादी गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर परत काढता येईल इतकी जादा माहिती जवळ ठेवायची. पाच डिस्कच्या रेड-६ मध्ये आडवी एक ओळ धरली की तीन डिस्कवर डेटा येतो, चौथीवर ‘पी’ पॅरिटी आणि पाचवीवर ‘क्यू’ पॅरिटी. या आडव्या ओळीला आम्ही स्ट्राइप म्हणतो. बीटीआरएफएसमध्ये प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ६४ किलोबाइट येतात, म्हणजे एका पूर्ण स्ट्राइपमध्ये १९२ किलोबाइट डेटा आणि वर १२८ किलोबाइट पॅरिटी. पी आणि क्यूची जागा दर ओळीला सरकत जाते, म्हणजे एकाच डिस्कवर सगळा भार पडत नाही. पाचातल्या कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी मजकूर परत मिळतो.

एक अट मात्र आहे, कुठल्या दोन गेल्या ते ठाऊक हवं. डिस्क बंद पडली तर ते कळतंच. डिस्क चालू आहे, वाचायला देतेय, आणि देतेय तेच चुकीचं आहे, असं झालं की पंचाईत. इथे चेकसम कामाला येतो. बीटीआरएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा जपून ठेवते, त्यामुळे मागितलेला ब्लॉक बिघडलाय हे तिला कळतं. त्याच ओळीतला दुसरा कुठला बिघडलाय का, हे मात्र रेडच्या थराला कळत नाही.

‘‘का नाही कळत? त्यांचेही चेकसम असतील ना?’’ त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. रेडचा थर फार खाली बसतो. त्याला फाइल ठाऊक नाही, चेकसमचं झाड ठाऊक नाही, त्याच्यापुढे नुसत्या डिस्क आणि पानं. शिवाय ओळीतली काही जागा रिकामी असू शकते आणि रिकाम्या जागेचा चेकसम नसतो. पॅरिटीचाही नसतो. म्हणून जुन्या कोडमध्ये एकच उपाय उरतो: एकेका डिस्कला आळीपाळीने खोटं ठरवून पाहायचं आणि येणारं उत्तर चेकसमशी जुळेपर्यंत थांबायचं नाही.

सकाळी ९.५०

व्हर्च्युअल मशीन उभं केलं. पाच छोट्या आभासी डिस्क, त्यांवर रेड-६, आणि लिनक्सचा कर्नल तोच जो ग्राहकाकडे चालतो: ४.१४ वर बेतलेला, वर आमच्या टीमने वेळोवेळी चढवलेले पॅच. एक फाइल लिहिली, तिचा ब्लॉक कुठल्या डिस्कवर कुठे पडलाय ते ‘बीटीआरएफएस-मॅप-लॉजिकल’ने शोधलं, अनमाउंट केलं. मग त्या जागी, आणि त्याच ओळीतल्या दुसऱ्या एका डेटा डिस्कवर, कचरा लिहिला. फाइलसिस्टिमच्या चाचण्यांच्या संग्रहात बीटीआरएफएसची १५७ क्रमांकाची चाचणी नेमकं हेच करते, एकाच आडव्या ओळीत दोन डिस्कवरचा मजकूर बिघडवते आणि वाचून पाहते. मला मात्र मधल्या पायऱ्या दिसायला हव्या होत्या, म्हणून हातानेच केलं.

इथे एक गोष्ट त्याला मुद्दाम करून दाखवली. वाचलेलं मेमरीतून काढून टाकायला आपण सर्रास ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहितो. त्याने पेज कॅशे रिकामा होतो. रेडच्या कोडचा स्ट्राइप कॅशे वेगळा असतो, त्याला या आज्ञेचा पत्ताच नसतो. तो अनमाउंट केल्यावरच रिकामा होतो. चाचणी घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर डिस्क वाचतोय असं समजून तो मेमरीच वाचत बसतो.

माउंट केलं, फाइल वाचली. पाच ओळी आल्या, आणि मिरर ३, ४, ५ ला चेकसम एकच. ग्राहकाचं दुखणं आमच्या टेबलावर आलं होतं. आता त्यांच्या डिस्कला हात न लावता काम करता येणार होतं.

सकाळी ११.१५

चहा घेऊन फळ्यापाशी गेलो. हे गणित हाताने केल्याशिवाय पटत नाही, म्हणून एकेका डिस्कवर एकच बाइट आहे असं धरलं. डी० वर १२, डी१ वर ७, डी२ वर ९.

पी काढायला तिन्ही आकडे द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहायचे आणि हातचा न घेता बेरीज करायची. स्तंभात एक किती वेळा आलाय ते बघायचं: सम वेळा तर शून्य, विषम वेळा तर एक. हाच एक्सॉर. ११००, ०१११, १००१ यांचा येतो ००१०. म्हणजे पी = २.

नुसत्या पीवरून एकच अज्ञात काढता येतं. दुसऱ्यासाठी दुसरं समीकरण लागतं, आणि ते पहिल्यापेक्षा खरोखर वेगळं असायला हवं. म्हणून क्यूमध्ये प्रत्येक डिस्कला वेगळं वजन दिलेलं असतं: डी० तसाच, डी१ दुप्पट, डी२ चौपट. १२, १४ आणि ३६ यांचा एक्सॉर ३८. क्यू = ३८. दुप्पट करताना आकडा २५५ च्या वर गेला तर त्याचा २८५ शी एक्सॉर करून तो परत बाइटमध्ये आणायचा. या नियमामुळे २५६ आकड्यांच्या या छोट्या जगात शून्य सोडून कशानेही नेमका भागाकार करता येतो. ही गाल्वाची देणगी. एव्हारिस्त गाल्वा १८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात गेला. लिनक्समधलं रेड-६ चं गणित एच. पीटर अन्विन यांनी त्याच्याच सांत क्षेत्रांवर मांडलं. एका विशीतल्या मुलाचं बीजगणित आज मोडी दप्तरं राखतं, याचं मला अप्रूप वाटतं आणि नव्या मुलांना मी ते न चुकता सांगते.

आता बिघाड. डी१ बिघडलाय आणि चेकसममुळे ते आपल्याला ठाऊक आहे. डी० सुद्धा बिघडलाय, १२ चा १३ झालाय, पण ते कुणालाच ठाऊक नाही. आपल्याला डी१ चा ७ परत हवा आहे.

मिरर २: बाकी सगळं खरं धरून पीवरून काढायचं. २, १३ आणि ९ यांचा एक्सॉर ६. चेकसम जुळत नाही.

मिरर ३: आता पी खोटा धरायचा आणि क्यूवरून काढायचं. ३८, १३ आणि ३६ यांचा एक्सॉर १५. त्याला दोनाने भागायचं. १५ विषम म्हणून आधी २८५ शी एक्सॉर, आला २७४, त्याचा अर्धा १३७. हेही चूक. मात्र इथे आणखी एक गोष्ट घडते. पी खोटा धरलाय ना, म्हणून हे गणित करणारं फंक्शन डी१ बरोबर पीसुद्धा नव्याने काढतं: १३, १३७ आणि ९ यांचा एक्सॉर १४१. मेमरीतल्या पीच्या पानावर २ पुसून १४१ येतो. डिस्कवर अजून २ च आहे.

मिरर ४: डी२ खोटा धरायचा, पी आणि क्यू या दोन समीकरणांतून डी१ आणि डी२ काढायचे. डिस्कवरचा पी घेतला तर डी१ येतो १३६. चूकच, पण निदान वेगळी चूक.

मिरर ५: डी० खोटा धरायचा. पी आणि डी२ वरून डी० व डी१ यांचा एक्सॉर ११. क्यू आणि चौपट डी२ वरून डी० व दुप्पट डी१ यांचा एक्सॉर २. दोन्हींचा एक्सॉर केला की डी० उडून जातो आणि उरतं तिप्पट डी१ = ९. तिप्पट म्हणजे आकडा आणि त्याची दुप्पट यांचा एक्सॉर, आणि ७ व १४ यांचा एक्सॉर ९. डी१ = ७! डी० सुद्धा आपसूक १२ निघतो. फळ्यावर ७ आला तेव्हा त्याने टाळीच दिली.

‘‘मग आपल्या लॉगमध्ये मिरर ५ का हरला?’’

‘‘आता पी = १४१ घेऊन तेच गणित कर.’’

त्याने केलं. मिरर ५ ला आला १३७. मिरर ४ करून पाहिला, तिथेही १३७. तो खडू हातात धरून उभाच राहिला. खरं तर त्यात नवल नाही. मिरर ३ ने पी नव्याने काढला तो आपल्या चुकीच्या उत्तराला धरून. त्यामुळे मेमरीतले पाचही आकडे, १३, १३७, ९, १४१, ३८, एकमेकांशी चोख जुळले. दोन्ही समीकरणं सुटतात, कुठे फट नाही. अशा संचातून कुठलीही डिस्क वगळा आणि परत काढा, उत्तर १३७ च येणार. वाटा तीन दिसतात, पण पहिलीने बाकी दोघींची पाटी आधीच बदलून ठेवलेली असते.

सकाळच्या लॉगमधलं एकमत ते हेच. आता शोधायचं होतं की मिरर ३ ची मेमरी मिरर ४ च्या हाती लागलीच कशी.

दुपारी १.१०

डबा. भेंडीची भाजी, दही. कामाचं बोलायचं नाही असा आमच्या टेबलाचा नियम आहे, आज तो थोडा मोडला.

दुपारी १.५०

रेड-५ आणि रेड-६ या दोन्हींच्या कोडची, ‘रेड-५६’ नावाची फाइल उघडून बसलो. बीटीआरएफएसमध्ये रेड-५ आणि रेड-६ आले ते २०१३ मध्ये, लिनक्स ३.९ बरोबर, आणि स्ट्राइप कॅशे सुरुवातीपासून आहे. तो का आहे हे समजून न घेता त्याच्यावर राग काढू नये. चार किलोबाइट लिहायचे असले तरी पी आणि क्यू नव्याने काढावे लागतात, त्यासाठी ओळीतला बाकीचा डेटा वाचावा लागतो. एकामागून एक छोट्या नोंदी त्याच ओळीत पडत असतील तर दर वेळी तेच वाचत बसणं परवडत नाही. म्हणून काम झालेली ओळ टाकून न देता मेमरीत ठेवतात. मर्यादा १०२४ ओळींची. पाच डिस्कच्या संचात त्या सगळ्या पूर्ण भरलेल्या असतील तर ३२० मेगाबाइट होतात. पुन्हा त्याच ओळीचं काम आलं की ‘स्टील-आरबायो’ नावाचं फंक्शन जुन्या कामाकडची पानं उचलून नव्याला देतं. ज्या पानावर ‘अपटूडेट’ची खूण आहे ते डिस्कवरून पुन्हा वाचलं जात नाही.

परत बनवलेला मजकूर कॅशेत ठेवण्यामागेही हेच कारण. एक डिस्क गेलेली असताना तिच्यावरचे चार किलोबाइट हवे असतील तर उरलेल्या सगळ्या डिस्कवरची ओळ वाचावी लागते. शेजारचे चार किलोबाइट मागितले की पुन्हा तेच. ठेवून दिलं तर डिस्कचे हेलपाटे वाचतात. एक डिस्क गेलेला संच आधीच धापा टाकत असतो, त्याला ही मदत मोलाची असते.

बोट ठेवून एकेक पायरी पाहिली. मिरर २ ने पी, क्यू, डी०, डी२ डिस्कवरून वाचले, पानांवर अपटूडेटची खूण झाली, ओळ कॅशेत गेली. इथवर ठीक. एक्सॉरच्या रीतीत फक्त मागितलेल्या तुकड्याचं पान बदलतं, बाकीची चार डिस्कशी जशीच्या तशी जुळलेली राहतात. मिरर ३ ने ती पानं उचलली, पीचं पान खुणेसकट. त्याच पानावर गणिताने १४१ लिहिला. खूण तशीच राहिली. काम ‘यशस्वी’ झालं, कारण गणित सुटलं होतं. ते चेकसमशी जुळतंय का हे वरचा थर नंतर बघणार. ओळ पुन्हा कॅशेत गेली, आणि मिरर ४ ने ती उचलली.

कच्च्या हिशेबाचा आकडा पक्क्या खतावणीत चढला, तो असा. अपटूडेट ही खूण सांगत होती की हे पान डिस्कशी जुळतं, आणि ते आता जुळत नव्हतं. कॅशे म्हणजे डिस्कवर जे आहे त्याची जवळ ठेवलेली प्रत. गृहीतकावरून काढलेलं उत्तर, ते कितीही चोख गणिताने काढलेलं असो, तपासून खरं ठरेपर्यंत तिथे बसता कामा नये. कॅशेचं कुठलंही काम असो, मी हाच प्रश्न आधी विचारते: इथे जे ठेवतोय ते पाहिलेलं आहे की मानलेलं?

दुपारी ३.३०

दुरुस्ती नवी शोधायची नव्हती. ती झालेली आहे, २०१८ च्या जानेवारीत. ल्यू बो यांनी तेव्हा लागोपाठ काही पॅच दिले. त्यांतल्या एकाने रेड-६ चे प्रयत्न वाढवले. त्याआधी मिरर ३ नंतर हात टेकले जायचे, आता एकेक डिस्क खोटी धरून सगळ्या शक्यता पाहिल्या जातात. दुसऱ्या पॅचने रेड-६ च्या रीतीने परत बनवलेली ओळ कॅशेत ठेवणं बंद केलं. दोन्ही लिनक्स ४.१६ मध्ये आले. आमच्या कर्नलच्या कोडच्या झाडात पहिला होता, दुसरा नव्हता. आणि पहिला दुसऱ्याविना जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण प्रयत्न कितीही वाढवले तरी पाटी आधीच पुसलेली असते.

पॅच चिमुकला आहे. वाचून परत बनवण्याचं काम बिनचूक झालं आणि ‘फेल-बी’ शून्याहून लहान आहे, म्हणजे दुसरी कुठली डिस्क खोटी धरलेली नाही, तरच ओळ कॅशेत ठेव. नाहीतर कॅशेसाठी तयार असल्याची खूण काढून टाक. कोडपेक्षा त्याच्यासोबतचं स्पष्टीकरण लांब आहे, आणि ते मला फार आवडतं. कुठली रीत कुठली पानं बदलते, म्हणून कुणाला ठेवता येईल आणि कुणाला नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. पुढच्या माणसाला विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही.

‘‘पण मॅडम, दोन डिस्क खरोखरच गेल्या असतील तर? तेव्हा दर वेळी सगळं परत वाचावं लागेल.’’

लागेल. दोन डिस्क गेलेला संच हळू चालेल. त्याच्यापाशी जादा असं काहीच उरलेलं नसतं, तिथे वेगापेक्षा खरेपणा मोठा, आणि यात मला कसलीही तडजोड मान्य नाही.

२०२२ मध्ये या कोडने आणखी एक पाऊल टाकलं: परत बनवण्याच्या कामात कॅशेतल्या कुठल्याच पानावर विश्वास ठेवायचा नाही, सगळं डिस्कवरून वाचायचं. कारण कॅशे बिघडण्याची एक वाट उरली होती. ओळीत छोटं काही लिहिताना शेजारचा बिघडलेला तुकडा न तपासता वाचला जायचा आणि अपटूडेट म्हणून कॅशेत बसायचा. त्या वाटेचं मूळही पुढे, २०२३ मध्ये आलेल्या ६.२ मध्ये, हाताळलं गेलं. आता अर्धवट ओळ लिहिण्याआधी वाचलेला डेटा चेकसमशी ताडून पाहतात आणि बिघडलेला असेल तर आधी दुरुस्त करतात. हे बदल आमच्या जुन्या झाडावर आणणं एका दुपारचं काम नाही, त्यासाठी वेगळं नियोजन मागितलं. आज एकच पॅच.

संध्याकाळी ५.००

कर्नल बांधून झाला. तीच पाच डिस्कची मांडणी, तोच कचरा, तीच फाइल. मिरर १ फेल्ड, मिरर २, ३, ४ फेल्ड, चौघांचे चेकसम चार तऱ्हेचे. मिरर ५ ची ओळ आलीच नाही, फाइल उघडली. फळ्यावरच्या गणिताने सांगितलं होतं तसंच. १५७ ची चाचणी लावली, तीही पास झाली.

मग जुन्या कर्नलवर एक प्रयोग त्या मुलासाठी केला, सकाळी प्राध्यापकांना लिहू नका का सांगितलं ते दिसावं म्हणून. ओळ कॅशेत १३७ आणि १४१ घेऊन बसलेली असताना त्याच ओळीतल्या रिकाम्या जागेत काही लिहिलं. बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर लिहीत नाही, नव्या जागी लिहिते. पण ती नवी जागा याच ओळीत असू शकते, आणि मग पी व क्यू नव्याने निघतात ते कॅशेतल्या पानांवरून. आता डिस्कवरची पॅरिटीच १३७ ला धरून आहे. ७ कडे नेणारं समीकरण कुठेच उरलं नाही. अनमाउंट करा, नवा कर्नल घाला, काहीही करा. नव्या कर्नलवर माउंट करून दाखवलं, पाचही मिरर हरले. तोवर जी चूक फक्त मेमरीत होती आणि मशीन बंद करताच गेली असती, ती एका छोट्या लिहिण्याने कायमची झाली.

संध्याकाळी ६.३०

सपोर्टने ग्राहकाच्या बॉक्सवर नव्या कर्नलची तपासणी इमेज चालवली, डिस्क फक्त वाचण्यासाठीच माउंट. न उघडणारी फाइल आधी वाचली. लॉगमध्ये आधीच्या मिररच्या ओळी, आणि मिरर ५ ला फाइल आली.

प्राध्यापकांना फोन केला. ‘‘सर, तुमची फाइल शाबूत आहे. आज रात्री सगळंच्या सगळं दुसऱ्या संचावर उतरवून घेतोय. वाचताना प्रत्येक ब्लॉकचा चेकसम तपासला जातो, त्यामुळे आणखी कुठे दुखत असेल तर तेही कळेल. दोन डिस्कवरचा मजकूर कशाने बिघडला, ते प्रत झाल्यावर बघू.’’

‘‘म्हणजे उद्या स्कॅनिंग सुरू करायचं?’’

‘‘नव्या संचावर करा. जुन्यावर अजिबात नको. आणि सर, मूळ कागद परत दप्तरात बांधून ठेवले आहेत ना?’’

‘‘आहेत तर. ते कुठे जातात?’’

रात्री ८.१०

प्रत चालू आहे. सपोर्टला लिहून ठेवलं: लॉगमध्ये सीसमची नवी ओळ आली तर फाइलचं नाव आणि सगळे मिरर यांची नोंद करा, आणि प्रत पूर्ण होऊन ताडून होईपर्यंत जुन्या पाच डिस्कपैकी एकही बदलू नका. आमच्या बाकी ग्राहकांपैकी कुणाकुणाकडे रेड-६ आणि हाच कर्नल आहे त्याची यादी त्या मुलाने काढली आहे. उद्या सकाळी पहिल्यांदा तीच घेऊन बसायचं आहे.